त्याची माय कुठंय?

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या लातूर येथील शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कौटुंबिक हिंसा आणि मुले’ असा विषय आहे. वेळ दिली आहे दुसऱ्या दिवशीची, जेवणानंतरची. कायदा झाला, पोलीस झाले, पोटगी झाली, मग उरल्यासुरल्या वेळात मुलं. तक्रार करत नाही, कारण पत्रिका ठरवायला बसलेल्यांत मीही होते. पण आपल्या केंद्रांतही मुलांना हीच जागा मिळते, एवढं लक्षात आणून देते आणि पुढे जाते.

मी थोडे आकडे काढून आणले आहेत, त्यांतले दोन-तीन सांगेन. सुरुवात मात्र एका गाण्यापासून करते. गाणं इंग्रजी आहे, रॉक संगीताच्या वळणाचं. ‘हे काय मध्येच,’ असं तुमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

आमच्या नांदेडच्या केंद्रात समाजकार्य महाविद्यालयातल्या मुली क्षेत्रकार्यासाठी येतात. त्यांतली एक जण सतत मोबाईलवर गाणी ऐकायची. एका संध्याकाळी केंद्राला कुलूप लावताना ती म्हणाली, “ताई, हे गाणं मी अकरावीपासून ऐकतेय. चाल आवडते म्हणून. पण ते कशाबद्दल आहे, हे आज त्या वऱ्हांड्यातल्या पोराकडे बघताना कळलं.” मग तिनं ते मला ऐकवलं.

‘लुका’ असं त्या गाण्याचं नाव. गायिका न्यूयॉर्कची, सुझान वेगा. तिच्या १९८७ च्या ‘सॉलिट्यूड स्टँडिंग’ या संग्रहातलं हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. लुका हा एक लहान मुलगा. गाणं त्याच्याच तोंडी आहे. तो खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी बोलतो. स्वतःची ओळख देतो आणि लगेच विनवतो की, रात्री आवाज ऐकू आले तर चौकशी करू नका. चूक बहुधा आपलीच असेल, असं तो सुचवतो. अंगावरच्या खुणेबद्दल कोणी विचारलंच, तर काय सांगायचं हेही त्यानं ठरवून ठेवलं आहे. बस्स, एवढंच गाणं. मारणारा कोण, कशासाठी मारतो, पुढे काय झालं, यातलं काही नाही.

वेगानं पुढे सांगितलं की, तिच्या इमारतीत या नावाचा एक मुलगा खरोखर होता. इतर मुलांत असूनही जरा बाजूला असायचा. त्याला घरी मारहाण होते असं काही तिला माहीत नव्हतं. नाव आणि ते बाजूला असणं त्याचं घेतलं, बाकीचं तिनं कल्पनेनं रचलं.

त्यानंतर लातूरच्या एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपल्यावर बायकांना ते गाणं ऐकवलं आणि मराठीतून अर्थ सांगितला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हातारी बाई म्हणाली, “सगळं खरं, पण त्याची माय कुठंय?”

या प्रश्नावर बायका अशा बोलायला लागल्या की मला वही काढावी लागली. एक म्हणाली, “मायलाच मारायलेत. लेकरू झाकायलंय.” दुसरी म्हणाली, “न्हाई, ते मधी पडलं आसंल मायला सोडवायला, म्हनून त्यालाबी बसलं.” तिसरी तरुण होती, भिंतीला टेकून शेंगा निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “मायच मारती त्याला. नवऱ्याचा राग लेकरावर काढती.” सगळ्या गप्प झाल्या. मग तीच हळूच म्हणाली, “मी काढते.”

एका गाण्याचे हे तीन अर्थ. कुठला बरोबर, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन तिन्ही. आपल्या केंद्रात येणाऱ्या कित्येक घरांत या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडतात.

पण त्या आजीच्या प्रश्नानं मला दुसरीच गोष्ट दाखवली. गाण्यात मूल आहे, त्याची आई नाही. आपल्या फायलीत नेमकं उलट आहे: आई आहे, मूल नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली आपण घटनेचा अहवाल भरतो, त्यात मुलांचा रकाना आहे. नाव, वय, मुलगा की मुलगी, सध्या कोणाजवळ राहतात. तो आपण नीट भरतो. त्या मुलानं काय पाहिलं, तेव्हा ते कुठे होतं, त्यानं काय केलं, हे विचारणारा रकाना नाही आणि आपणही तो आपल्या मनानं जोडत नाही. मूल आपल्याकडे एका वाक्यापुरतं येतं: “लेकरांसाठी सहन करते, ताई.” म्हणजे ते सहन करण्याचं कारण म्हणून येतं. घरात स्वतःचे डोळे, कान आणि पोटात गोळा घेऊन जगणारं माणूस म्हणून येत नाही.

आता त्या लुकाकडे पुन्हा बघू. तो काय काय करतो?

एक, त्याच्याकडे उत्तर तयार आहे. हे तयार उत्तर आपल्याला नवीन नाही. ‘न्हाणीत पाय घसरला’, ‘म्हशीनं लाथ मारली’, ‘दार लागलं’. हे आपण बायांच्या तोंडून रोज ऐकतो आणि ओळखतो. मुलाच्या तोंडून ऐकलं तर ओळखतो का? मूल हे उत्तर आईकडूनच शिकतं. तिनं शिकवलेलं नसतं, तिला बोलताना त्यानं ऐकलेलं असतं. त्यात नुसती भीती नसते, घराची अब्रू सांभाळण्याची जबाबदारीही असते. आठ वर्षांच्या खांद्यांवर ती आपण सगळ्यांनी मिळून ठेवलेली आहे.

दोन, तो दोष स्वतःकडे घेतो. आमच्याकडे एक बाई यायची, तिच्याबरोबर तिची सात वर्षांची मुलगी. शाळेतल्या बाईंची तक्रार अशी की, मुलगी वही-पेन्सिल आणत नाही, विचारलं तर नुसती बघत राहते. पुष्कळ दिवसांनी कळलं ते असं. एका रात्री तिनं वहीसाठी पैसे मागितले. आईनं ते बापाकडे मागितले. बाप दारू पिऊन आलेला. तिथून सुरू झालं आणि आईच्या डोक्याला चार टाके पडले. मुलीनं हिशेब केला: मी वही मागितली म्हणून झालं. त्यानंतर तिनं घरात काहीच मागायचं बंद केलं. आपण कारणं शोधताना दारू म्हणतो, हुंडा म्हणतो, संशय म्हणतो, पुरुषसत्ता म्हणतो. त्या मुलीच्या लेखी कारण एकच होतं, ती स्वतः.

तिसरी गोष्ट, तो ‘विचारू नका’ म्हणतो. त्याकडे मी शेवटी येते, कारण ती मला महागात पडली आहे.

त्याआधी भिंतीबद्दल. लुकाच्या गाण्यात मजले आहेत, दारं आहेत, खालचा आणि वरचा शेजारी आहे. त्याच सुमाराला, १९८८ मध्ये, ट्रेसी चॅपमन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायिकेनं ‘बिहाइंड द वॉल’ हे गाणं केलं. वाद्य एकही नाही, नुसता आवाज. त्यात भिंतीपलीकडून बाईचा आक्रोश ऐकणारा शेजारी बोलतो. म्हणजे एक गाणं भिंतीच्या आतलं, एक बाहेरचं. आपल्या देशात ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेनं २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ ही मोहीम काढली, तीही याच भिंतीला धरून. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर जा आणि बेल वाजवा.

आता आपल्याकडे या. मुखेड, कंधार, लोहा, इकडे अहमदपूर, जळकोट या तालुक्यांतून दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल त्या कोयत्याची. कारखान्याच्या तळावर राहायला कोपी. बांबू, चटई, प्लॅस्टिक. आत चूल, भांडी, नवरा-बायको, पोरं आणि कधी म्हातारी. त्या कोपीला बेल कुठली आणि भिंत तरी कुठली? तिथल्या मुलाला ‘ऐकू येतं’ असं म्हणणंसुद्धा बरोबर नाही, ते त्याच्या उशाशीच घडतं. आणि आई आपल्याला सांगते, “लेकरं झोपली व्हती.” मैत्रिणींनो, लेकरं झोपलेली नसतात. ती डोळे मिटून पडलेली असतात. पडून राहणं हे त्या वेळचं त्यांचं शहाणपण असतं. शहरातल्या एका खोलीच्या घरात हेच, पत्र्याच्या शेडमध्ये हेच. बंगल्यात खोल्या जास्त असतात म्हणून दाराला कान लावावा लागतो, एवढाच फरक.

‘लहान लेकराला काय कळतंय,’ असं म्हणणाऱ्यांना मी लातूरच्या माणसांनी तरी असं बोलू नये असं सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर कित्येक महिने लोक घर असूनही बाहेर झोपायचे. मुलं रात्री दचकून उठायची, अंथरूण ओलं करायची, भांडं पडलं तरी बाहेर पळायची. मूल घाबरलंय हे सगळ्यांना कळलं, कोणी शिकवायला यावं लागलं नाही. मग ज्या घरात आठवड्यातून दोनदा रात्रीच घर हलतं, तिथलं मूल दचकतं, मुततं, पोट दुखतं म्हणून शाळेत जात नाही, तेव्हा आपण त्याला ‘लाडावलंय’ का म्हणतो?

जगभरात घरातल्या हिंसेच्या छायेत वाढणाऱ्या मुलांची संख्या २७ कोटी ५० लाखांपर्यंत असावी, असा अंदाज ‘युनिसेफ’नं २००६ च्या अहवालात मांडला होता. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. या बायांच्या घरात मुलं किती, ती त्या वेळी कुठे होती, हा हिशेब तुम्हीच मनात करा.

आता कोणी म्हणेल, हे परदेशातलं गाणं कशाला, आपल्याकडे गाणी नाहीत का? आहेत, आणि तेच मला सांगायचं आहे. ‘लुका’ची चाल प्रसन्न आहे. नुसती ऐकली तर नाचावंसं वाटेल. आमच्या विद्यार्थिनीलाही कित्येक वर्षं अर्थ टोचला नाही तो म्हणूनच. आता आपला हादगा आठवा. कुठे हादगा म्हणतात, कुठे भोंडला, कुठे भुलाबाई. कारल्याच्या वेलाचं ते गाणं आपण सगळ्यांनी फेर धरून म्हटलंय. सून माहेरी जायची परवानगी मागते, सासू सासऱ्याकडे धाडते, सासरा दिराकडे, आणि काही गावांच्या पाठात शेवटी नवरा काठी घेतो. आठ-नऊ वर्षांच्या मुली टाळ्या वाजवत हे म्हणायच्या आणि मग खिरापत ओळखायच्या. घरातली मारहाण आम्हाला दिसते, हे सांगायची पोरींना दिलेली ती एकच जागा होती, आणि ती खेळाची होती. खेळ संपला की बोलणंही संपलं.

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्याही त्यांत आहेत. सासुरवासाच्या ओव्यांचा त्यात मोठा साठा आहे. ओवी आपण बाईचं मन मोकळं करणं म्हणून वाचतो. पण पहाटे जात्याशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेलं मूल कोण होतं? त्या ओव्यांचा पहिला श्रोता तेच. आईचं दुःख त्यानं झोपेत, सुरात ऐकलं, आणि सुरात असल्यामुळे त्याबद्दल कोणी त्याच्याशी बोललं नाही.

बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ चं. लहान मुलीच्या नजरेनं वस्तीतल्या सुनांचे हाल त्यांनी असे लिहिले आहेत की वाचवत नाहीत. पण स्वतःला नवऱ्याची मारहाण झाली, हे त्या पुस्तकात त्यांनी ठेवलं नाही. ते सांगितलं पुष्कळ वर्षांनी, पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादक माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत. एवढी धीट लेखिका, तिलाही स्वतःपुरतं ‘विचारू नका’ म्हणावं लागलं. मग नऊ वर्षांच्या मुलानं काय करावं? मोठं होऊन पुस्तक लिहील तेव्हा सांगेल, तोवर आपण थांबायचं का?

आता ती तिसरी गोष्ट. ही सांगायला मला बरं वाटत नाही, पण इथे नाही सांगायची तर कुठे?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक प्रकरण आलं. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, बायको शेतमजूर, मुलगा चौथीत, त्याच्या पाठची बहीण. एका रात्री मुलगा अनवाणी तीन गल्ल्या ओलांडून मावशीकडे पळाला. मावशी चार माणसं घेऊन आली म्हणून बाई वाचली. नंतर मावशीच तिला केंद्रात घेऊन आली. आम्ही तीन बैठका घेतल्या. नवरा रडला. सासऱ्यानं हात जोडले. बाई म्हणाली, “लेकरांकडं बघून नांदते.” शंभरच्या बाँडवर समझोता लिहिला. ‘मुलांच्या भवितव्याचा विचार करून उभयता एकत्र राहण्यास तयार आहेत,’ हे वाक्य माझं. मला ते चांगलं वाटलं होतं.

मुलगा तिन्ही बैठकांना बाहेर पायरीवर बसलेला होता, दप्तरासह. मी जाता-येता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, ‘शूर आहेस रे’ म्हणाले, बिस्किटचा पुडा दिला. त्यानं पुडा फोडला नाही, बहिणीसाठी दप्तरात ठेवला. मी त्याला एक प्रश्न विचारला नाही. ज्याच्या धावण्यामुळे ती बाई जिवंत होती, त्या एकुलत्या एक साक्षीदाराला सोडून आम्ही बाकी सगळ्यांना विचारलं. सासऱ्यालासुद्धा.

पाच महिन्यांनी बाई पुन्हा आली. हात प्लास्टरमध्ये, गळ्यावर बोटांचे वळ. मी म्हणाले, “अगं, पोरगा नव्हता का घरी?” ती म्हणाली, “व्हता. गोधडीत व्हता.”

या वेळी मी त्याच्याशी बोलायला बसले. लिंबाखाली, जवळपास तासभर. तो काडीनं मातीत रेघा ओढत होता. शेवटी म्हणाला, “मागल्या टायमाला मावशीला सांगितलं तवा तुमी आमाला घरीच धाडलं की.” थोड्या वेळानं म्हणाला, “मंग पप्पानं मला पट्ट्यानं हानलं. चुगली केली म्हनून.”

समझोत्यानंतर आठव्या दिवशी. आईला ठाऊक होतं. समझोता मोडेल आणि आपल्यालाच बोल लागेल, म्हणून ती आम्हाला बोलली नाही. पाठपुराव्याच्या भेटीला आमची कार्यकर्ती गेली तेव्हा तिला चहा मिळाला आणि ‘समदं ठीक हाय’ हे उत्तर मिळालं. तिनं ‘समाधानकारक’ असं लिहिलं. त्या पानावर सही माझी आहे.

त्या मुलाचा हिशेब चोख होता. सांगितलं की मोठी माणसं येतात, कागद होतो, मग घरी पाठवतात, मग पट्टा. म्हणून न सांगणं बरं. लुका ‘विचारू नका’ म्हणतो, ते लाजेनं म्हणतो असं मला वाटत होतं. आता वाटतं, आधी कोणीतरी विचारलं होतं आणि विचारणाऱ्यानं त्याला पुन्हा त्याच मजल्यावर सोडलं होतं.

पुढे आम्ही अर्ज केला, आदेश मिळाला, बाई माहेरी राहते. मुलगा आता मोठ्या वर्गात आहे. बहीण केंद्रात आली की माझ्याशी बोलते. तो बोलत नाही, बाहेरच्या पायरीवरच थांबतो. मी त्याला बोलायचा आग्रह करत नाही.

मैत्रिणींनो, यातून काय घ्यायचं?

पहिलं म्हणजे शब्द सांभाळायचा. ‘आई-बापाची भांडणं’ हा शब्द आपण मुलांच्या संदर्भात सर्रास वापरतो. भांडण दोघांचं असतं. एक मारतो आणि एक मार खाते, त्याला भांडण म्हटलं की मुलापुढे दोघंही सारखीच दोषी ठरतात. मुलाला नेमकं दिसलेलं असतं. त्यानं पाहिलेलं आपण शब्दानं पुसायचं नाही.

दुसरं, हा विषय बाईच्या विरोधात वापरला जाऊ शकतो, सावध राहा. ‘मुलांवर परिणाम होतो, म्हणून घर मोडू नका,’ हे एक टोक. ‘तू त्याला सोडलं नाहीस, म्हणून मुलांचं नुकसान झालं,’ हे दुसरं. लुकाच्याच न्यूयॉर्क शहरात बालकल्याण खातं मार खाणाऱ्या आयांकडून मुलं काढून घेत होतं, का तर मुलांनी मारहाण पाहिली. निकोल्सन या बाईच्या खटल्यात २००२ मध्ये फेडरल न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे मार खाल्ल्याची शिक्षाही तिलाच. आपल्याला दोन्ही टोकं नकोत. वेगळं राहण्याचंही दुःख मुलाला असतं, ते नाकारू नका. पण मुलाला वाचवायचा सगळ्यात खात्रीचा रस्ता त्याच्या आईला सुरक्षित करण्यातून जातो. आणि शेंगा निवडणाऱ्या त्या मुलीसारखी कोणी ‘मी काढते’ म्हणाली, तर तिच्यावर तुटून पडू नका. असं कबूल करणं सोपं नाही. तिच्या हातातला राग कुठून आला हे समजून घ्या, पण लेकरावर हात उचलणं थांबलंच पाहिजे, हेही तिला स्पष्ट सांगा.

तिसरं, हे नशीब आहे असं कोणी मानू नये. २००५-०६ च्या पाहणीत असं दिसलं की, ज्या बायांच्या आईला बापानं मारलं होतं, त्यांच्या वाट्याला नवऱ्याची मारहाण येण्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट होतं. पण याच बायांच्या पोटी जन्मलेले, आईचा मार पाहून ‘मी हात उचलणार नाही’ असं ठरवलेले पुरुष आपल्या कामात आपल्याबरोबर आहेत. त्यांना विचारलं तर बहुतेक जण सांगतात, त्या वयात एक कोणीतरी मोठं माणूस होतं, ज्यानं ‘यात तुझी चूक नाही’ म्हटलं. आजी, मास्तर, शेजारची काकू. ते एक माणूस आपण होऊ शकतो.

आता कायदा, थोडक्यात. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. आपण तो बाईसाठी वापरतो, पण मुलांसाठीही त्यात पुष्कळ आहे. कलम १८ खालच्या संरक्षण आदेशात बाईवर अवलंबून असलेल्यांवर आणि तिला मदत करणाऱ्या कोणाही व्यक्तीवर हिंसा करायला मनाई मागता येते. मावशीकडे पळालेला तो मुलगा या दोन्हींत बसत होता. पीडित मूल असेल, तर त्याच्या शाळेत जायला त्या माणसाला बंदी घालता येते. कलम २० खाली मुलांचा खर्च मागता येतो. कलम २१ खाली तात्पुरता ताबा मागता येतो, आणि बापाच्या भेटीनं मुलाला इजा होणार असेल, तर न्यायदंडाधिकारी भेट नाकारू शकतात. अर्ज लिहिताना ही कलमं गाळू नका. मुलांचा परिच्छेद वेगळा लिहा.

आणि केंद्रातलं रोजचं काम. आम्ही नांदेडला आता जे करतो ते सांगते. तुम्ही भर घाला.

बाईची पहिली मुलाखत चालू असताना दुसरी कार्यकर्ती मुलाजवळ बसते. लगेच काही विचारत नाही. कागद, रंग, सागरगोटे, जे असेल ते. मग साधे प्रश्न: रात्री कुठे झोपतोस? आवाज झाला की काय करतोस? कुणाकडे जावंसं वाटतं? ‘आई चांगली की बाप चांगला’ हा प्रश्न कधीच नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही नाही, कारण त्याच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, आणि हे त्याला आधीच सांगायचं.

मुलाकडून निरोप पाठवायचे नाहीत. बापासमोर त्याला साक्ष द्यायला उभं करायचं नाही. त्यानं सांगितलेलं बैठकीत त्याच्या नावानं काढायचं नाही.

मधे पडून सोडवायचं नाही, हे त्याला सांगायचं. ते त्याचं काम नाही. धाकट्याला घेऊन कुठे जायचं, कोणाचं दार वाजवायचं, ते घर आधी ठरवायचं आणि त्या घरच्यांशी आपण बोलायचं. १०९८ आणि ११२ हे नंबर पाठ करून घ्यायचे. त्यानं मदत मागितली तर त्याला त्रास होणार नाही, ही जबाबदारी आपली. ती घेता येत नसेल तर ‘शूर आहेस’ असं म्हणू नका.

समझोता झालाच, तर पाठपुराव्याला मुलाला वेगळं भेटायचं. शाळेत भेटलं तर उत्तम. त्याला भेटल्याशिवाय ‘समाधानकारक’ हा शब्द लिहायचा नाही.

शेवटी पुन्हा त्या गाण्याकडे येते. लुका सबंध गाणंभर शेजाऱ्याशी बोलतो. शेजारी एकदाही बोलत नाही. गायिकेनं त्याला उत्तरच दिलेलं नाही. गाणं संपतं तेव्हा ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं की, तो शेजारी म्हणजे आपणच आहोत.

त्या आजीनं विचारलं, त्याची माय कुठंय? माय आपल्या केंद्रात आहे, आपल्यासमोर, खुर्चीवर. ते लेकरू पायरीवर आहे. उद्या परवा आपापल्या गावी जाऊन केंद्र उघडाल, तेव्हा आत जाऊन रजिस्टर काढायच्या आधी पायरीवर कोण बसलंय ते बघा, आणि त्याच्याशेजारी जरा बसा.